दोनशे भाकऱ्यांचा ब्राझील

आमच्या जुळे सोलापुरातल्या महिला मंडळात एक निळी वही आहे. तिचे दोन भाग. पहिल्या भागात 'बोलणाऱ्या' आणि दुसऱ्या भागात 'ऐकणाऱ्या'. महिन्यातून एकदा, बुधवारी दुपारी, एकीनं पेपरातलं एखादं कात्रण आणायचं आणि ते बाकीच्यांना समजावून सांगायचं. वाचून दाखवायचं नाही बरं का, सांगायचं. दोनदा सांगायची पाळी चुकली की नाव पहिल्या भागातून दुसऱ्या भागात जातं. तसा ऐकणाऱ्या बायकांना काही त्रास नसतो. चहा तोच, बिस्किटं तीच. पण एकदा तिकडं गेलेली बाई परत इकडं आलेली मी तरी बघितली नाही.

माझी एक पाळी चुकलेली होती. डोळ्यांची निगा कशी राखायची त्याचं कात्रण मी नेलं होतं. उभी राहिले. समोर चाळीस बायका, त्यातल्या निम्म्या रिटायर झालेल्या शिक्षिका, नाहीतर बँकेतल्या. माझी शाळा चौथीत सुटली. वाचायला म्हणाल तर खरं शिकले लग्नानंतर, विकायच्या भाकऱ्या बांधायला रद्दी यायची त्या रद्दीवर. त्यामुळं जगातल्या पुष्कळ बातम्या मला अजून अर्ध्याच माहीत आहेत, खालचा अर्धा कागद गिऱ्हाइकाबरोबर गेला. तर त्या दिवशी दोन वाक्यं बोलले आणि तिसरं सुचेना.  कात्रण गणिताच्या बाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तुमीच वाचा की." त्यांनी वाचलं, छानच वाचलं. मग वही उघडली आणि माझ्या नावापुढं फुली मारली. वही त्यांच्याकडेच असते. हायस्कुलात सगळा जन्म गणित शिकवलेली बाई, फुली मारताना सुद्धा पट्टी लावल्यासारखी सरळ मारते.

आता ही दुसरी पाळी. ही चुकली असती तर मी कायमची ऐकणारी झाले असते. आणि मला बोलायचं होतं हो. साठी उलटून किती वर्षं झाली, आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलं. एकदा आपण उभं राहून काहीतरी सांगावं आणि समोरच्याला ते कळावं, एवढंच.

कात्रण मात्र मी निवडलं ते सगळ्यात अवघड. कुठल्या देशात किती जंगल आहे, तीस वर्षांपूर्वी किती होतं आणि आता किती उरलं, असा तक्ता होता. सून म्हणाली, "आई, एवढं कशाला? शेवग्याच्या पाल्याचे फायदे आलेत बघा मागच्या पानावर."

पण मला तोच तक्ता पाहिजे होता. माझं माहेर मंद्रूपकडचं. आमच्या शिवारात बांधावरची बाभळ, विहिरीवरचा कडुलिंब आणि पुढं नुसता माळ. जंगल मी पहिल्यांदा बघितलं ते चाळिशीत, कोकणात लग्नाला जाताना, बसच्या खिडकीतून. घाट उतरताना भर दुपारी बसमध्ये अंधारलं. मला वाटलं आभाळ भरून आलं. बघते तर झाडं! वर झाडं, खाली झाडं, झाडावर झाड. बाकी बायका उलट्या होऊ नयेत म्हणून डोळे मिटून लिंबू हुंगत बसलेल्या आणि मी एकटी काचेला नाक लावून. तेव्हापासून मनात राहिलंय की जगात हे कुणाकडं किती असेल? शेजारणीच्या स्वयंपाकघरात डोकावतो तसं मला देशोदेशी डोकावायचं होतं.

तक्त्यात सगळे टक्के. टक्के मला व्याजापुरते कळतात. भूतानपुढं एक आकडा, ब्राझीलपुढं एक, चीन, भारत, इजिप्त. मी तो कागद स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला आणि भाकऱ्या थापता थापता त्याच्याकडं बघत राहिले. माझं काम तेच, ज्वारीच्या कडक भाकऱ्या. चाळीस वर्षं झाली. माझी धाकटी जाऊ रोज सकाळी होटगीहून येते मदतीला. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, त्यामुळं आनंद झाला की ती कानडी बोलते आणि राग आला तरी कानडीच.

चार दिवस कागद नुसता भिंतीवर. पाचव्या दिवशी जावेनं चहाबरोबर खायला एक भाकरी मोडली आणि मला एकदम लख्ख दिसलं.

"थांब! किती घेतलीस?"

"अक्का, आता खाण्यावर बी नजर व्हय?" ती म्हणाली. "चतकोर घेतली. जास्त न्हाय."

"चतकोर म्हंजे शंभरातलं पंचवीस!"

"मग अजून एक चतकोर घेऊ का? पन्नास हुतील."

तिला घे म्हटलं, पाहिजे तेवढ्या घे! चतकोर म्हणजे पंचवीस, अर्धी म्हणजे पन्नास, पाऊण म्हणजे पंच्याहत्तर. हे आकडे मी रोज हातानं मोडत होते आणि भिंतीवर वाचून घाबरत होते. मी कागद काढला आणि तिला सांगत सुटले. भूतान पाऊण भाकरीच्या जवळ. ब्राझील आधी तसाच पाऊण भाकरीच्या जवळ होता, आता अर्धीपेक्षा थोडा जास्त. भारत चतकोराहून कमी होता, आता चतकोराच्या जवळ सरकलाय. चीन त्याहून कमी होता, तोही तिथंच आलाय. आणि इजिप्त, काय सांगू, नखाएवढा सुद्धा नाही.

"मग तीळ लाव की," जाऊ चहा पीत म्हणाली. "काळं तीळ. जंगल हाय तितं तीळ, न्हाय तितं कोरी. भोगीला लावतो तसं."

असं सहज बोलून मोकळी झाली ती. मी उठून तिळाचा डबाच काढला.

प्रत्येक देशाच्या दोन भाकऱ्या करायच्या ठरल्या. एक तीस वर्षांपूर्वीची, एक आत्ताची. पण ठरवणं सोपं. थापलेल्या भाकरीवर सुरीच्या पाठीनं वाटे आखले, तीळ लावले, तव्यावर टाकली आणि सवयीनं वरून पाण्याचा हात फिरवला. झालं! सगळं जंगल पाण्याबरोबर सरकून एका कडेला गोळा. जाऊ डोकावून म्हणाली, "अक्का, ब्राझील वाहून चालला." दुसऱ्या खेपेला तीळ फार दाबले तर भाकरी फाटली. तिसऱ्या खेपेला आधी ओला हात लावला, मग तीळ, मग वरून ओलं फडकं हलकंच दाबलं, तेव्हा कुठं झाडांनी मुळं धरली. इजिप्तवर एक तीळ ठेवायचा का ठेवायचाच नाही यावर आम्ही दोघी एवढं भांडलो की चुलीवरचं दूध उतू गेलं. शेवटी एक ठेवला. अगदीच उघडं वाटत होतं बिचारं.

दहा भाकऱ्या मंद आचेवर वाळवल्या, कडक केल्या, पांढऱ्या पंच्यात गुंडाळल्या. शिवाय मंडळातल्या बायकांना खायला म्हणून साध्या भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि दही घेतलं. बुधवारी दुपारी आम्ही दोघी रिक्षात बसलो, मांडीवर डबे. रिक्षावाल्याला जाऊ सारखी सांगत होती, "बाबा, खड्डा चुकव. आत देश हायेत." त्यानं आरशातून दोनदा बघितलं आमच्याकडं.

हॉलमध्ये टेबलावर पांढरा पंचा अंथरला. वरच्या ओळीत जुन्या भाकऱ्या, खालच्या ओळीत आत्ताच्या. प्रत्येक जोडीपुढं चिठ्ठीवर देशाचं नाव. बायका खुर्च्या सोडून माना लांब करून बघायला लागल्या. गणिताच्या बाई पहिल्या रांगेत, मांडीवर निळी वही, पेन उघडलेलं.

मी सुरू केलं. पहिलं वाक्य आठवून आले होते. "ही भाकरी म्हंजे देश. ह्ये तीळ म्हंजे झाडं." पुढची वाक्यं आठवावीच लागली नाहीत, कारण सगळं समोर मांडलेलं होतं. "हा बघा ब्राझील. वरच्या भाकरीवर तीळ कुटपर्यंत हायेत बघा, आन् खाली कुटपर्यंत. कडंला चार बोटं रुंद, एवढी फोड उघडी पडली तीस वर्षांत. हा चीन. ह्याचं उलटं, खाली तीळ वाढल्यात. आपलं बी थोडं वाढलंय." इजिप्तचा एक तीळ दाखवला तेव्हा सगळा हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "तो पण पडला तर?" मी म्हटलं, "म्हनून तर रिक्षात धरून बसले हुते." आणि मग मी भूतानची भाकरी दोन्ही हातांनी वर उचलली आणि मोठ्या दिमाखात म्हटलं, "ह्या सगळ्यात जास्त जंगल कुणाकडं? ह्याच्याकडं! एवढुसा देश, पन ब्राझीलला मागं टाकलंय."

गणिताच्या बाईंचा हात वर गेला.

"म्हणजे तुमच्या मते भूतानमध्ये ब्राझीलपेक्षा जास्त जंगल आहे?"

"व्हय की. दिसतंय की."

"अहो, पण भूतान केवढा आणि ब्राझील केवढा? तुम्ही सगळ्या देशांना एकसारखी भाकरी दिलीत."

मी टेबलाकडं बघितलं. दहाच्या दहा भाकऱ्या, एकावर एक ठेवल्या तर कड कडेला लागेल अशा. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! चाळीस वर्षं हाताला एकच शिकवलं, की भाकरी स्टीलच्या ताटाएवढी, ना बोटभर लहान ना बोटभर मोठी. इतर कुणीही बाई असती तर लहान देशाला लहान भाकरी केली असती. माझा हात थांबतच नाही तिथं.

मागून जाऊ माझ्या बाजूनं उठली. "अक्काच्या हातून लहान-मोठी भाकरी हुतच न्हाय, बाई. एक लहान निघाली तर गिऱ्हाईक परत आणून देतंय."

सगळ्या हसल्या. हसणं वाईट नव्हतं, पण माझा हात कात्रण बाईंना द्यायला पुढं झाला. डोळ्यांच्या निगेच्या दिवशी झाला होता तसाच. बाई उठल्या, खडू घेतला आणि चांगल्या मनानंच म्हणाल्या, "बसा तुम्ही. मी फळ्यावर मांडून सांगते सगळ्यांना."

बसले असते तर संपलंच होतं. कसं सुचलं देव जाणे, मी टेबलाची कड धरली आणि म्हटलं, "बाई, मांडा तुमी. पन सांगन मी."

बाई थबकल्या. मग चष्मा सारखा केला, मोबाईलवर दोन्ही देशांचं क्षेत्रफळ काढलं आणि फळ्यावर भागाकार मांडला. खडू टकटक वाजत होता. खाली रेघ ओढून बाई म्हणाल्या, "ब्राझीलमध्ये भूतानसारखे दोनशेच्या वर देश मावतात."

"अगं बाई," कुणी म्हणालं. कुणी "हो का" म्हणालं. पण मी त्यांचे चेहरे बघत होते. आकडा कानापर्यंत गेला होता, आत गेला नव्हता. मला तर तो नुसता ऐकून हातात कळ आली.

"दोनशे?" मी म्हटलं. "दोनशे भाकरी म्हंजे काय ते मला विचारा की! दोनशे भाकरी म्हंजे लग्नाची ऑर्डर. सकाळी आठला ह्यी आन् मी बसतो, दोघींचं चार हात, आन् उठतो तवा पाठ सरळ हुत न्हाय. दोनशे भाकरीची चवड लावली तर," मी टेबलामागून बाहेर आले आणि फरशीपासून माझ्या कमरेपर्यंत हात वर नेला, "हितंपर्यंत येती. ही एवढी चवड म्हंजे ब्राझील. आन् ही एक भाकरी म्हंजे भूतान." मी भूतान फरशीवर, त्या नसलेल्या चवडीशेजारी ठेवला.

तेव्हा आवाज आला बघा. चाळीस बायकांचा एकदम. बँकेतल्या बाई तर उठून बघायला आल्या, जणू खरंच तिथं चवड होती.

"म्हंजे जंगल जास्त ब्राझीलकडंच," मी म्हटलं. "माझंच चुकलं. पन भूताननं आपल्या भाकरीतली पाऊण हिरवी ठेवलीय, ते बी खोटं न्हाय. पदरात किती हाय ते येगळं, आन् आपल्यातलं किती राखलं ते येगळं. दोन्ही बघायला पायजे." हे मी घरून ठरवून आणलेलं नव्हतं. बोलता बोलता मलाच कळत गेलं.

बाई फळ्यापाशीच उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आणि ती चार बोटांची फोड? ती आता एका भाकरीवरून गेली नाही. दोनशे भाकऱ्यांवरून गेली." त्यांनी तेही मांडलं. "अख्खे वीस भूतान होतील. विसाहून जास्तच."

 पुढच्या रांगेतल्या एकीनं विचारलं, "गेले?"

"गेले," मी म्हटलं.

 मग तिसऱ्या रांगेतून प्रश्न आला, चीनमध्ये आणि आपल्याकडं जे वाढलं ते खरं जंगल की ओळीनं लावलेली झाडं? दोन्ही एकच धरतात का? प्रश्न इतका चांगला होता की मला तिला चटणी जास्त वाढावीशी वाटली. मी म्हटलं, "कात्रणात ते लिवलेलं न्हाय. मला म्हाईत न्हाय." बाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "मलाही नक्की माहीत नाही. मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात म्हणे." चाळीस बायकांसमोर मी 'मला माहीत नाही' म्हटलं आणि काही सुद्धा झालं नाही. छत जागेवर, मी जागेवर. उलट बायका आपापसांत वाद घालायला लागल्या, कुणाच्या मुलानं कुठं काय लावलं आणि त्यातलं किती जगलं. मला कळलं, आता मी गप्प बसले तरी हे चालू राहणार.

"आणि आपलं सोलापूर?" कुणीतरी विचारलं.

मी खायला आणलेल्यांतली एक साधी भाकरी घेतली, गळले तर लावायला म्हणून आणलेल्या तिळाच्या डब्यातून चिमूट घेतली, आणि चिमटीतले पण थोडे परत डब्यात टाकले. उरलेले भाकरीच्या एका कडेला ठेवले.

"बाकीची उघडीच?" जाऊ म्हणाली.

"उघडी कुटं? ज्वारी हाय की. माळावरचं गवत हाय, त्यात हरणं हायेत. ते तिळात धरत न्हाईत, एवढंच."

मग टाळ्या. जाऊ मागून दोन्ही हात वर करून ओरडत होती, "छलो आतु, अक्का, भाळ छलो आतु!" फार छान झालं म्हणत होती, कानडी न येणाऱ्या बायकांना सुद्धा ते कळलं. गणिताच्या बाईंनी वही उघडली. मी काही मान लांब केली नाही, पण त्यांनीच ती माझ्याकडं फिरवली. नावापुढं बरोबरची खूण, आणि विषयाच्या रकान्यात त्यांच्या सरळ अक्षरात: 'देशोदेशींची जंगले, काल आणि आज (भाकरीसह)'.

त्यानंतर जग पाच मिनिटांत संपलं. साध्या भाकऱ्या तशाच राहिल्या, सगळ्यांना देशच पाहिजे होते. बँकेतल्या बाईंनी चीन घेतला, दोघींनी भारत अर्धा-अर्धा केला आणि वर शेंगाचटणीवरून भांडल्या. कटकट आवाज नुसता. गणिताच्या बाई म्हणाल्या, "मला इजिप्त द्या. तीळ कवळीत अडकतात." तो एकुलता एक तीळ त्यांनी नखानं काढून बाजूला ठेवला आणि सगळा इजिप्त दह्याबरोबर खाल्ला.

हॉल झाडून, डबे भरून निघालो तेव्हा बाई दारात आल्या. नेहमी वर्गात उभ्या असल्यासारख्या बोलतात, पण आता आवाज खाली आला. "एक विचारू? माझी भाकरी अजून परातीतून उचलताना फाटते. लग्न झाल्यापासून. घरात सगळे पोळ्याच खातात म्हणून निभावलं. शिकवाल का?"

"या की सकाळी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खरंच आल्या, पदर खोचून, रुमालाला हात पुसत. पीठ मळणं बरं जमलं. थापायला लागल्या तशी भाकरी एका बाजूनं पळायला लागली. कडेला चिरा पडल्या, एक लांब शेपूट निघालं, त्या शेपटाला पुन्हा बारीक दात. तरी बाईंनी श्वास रोखून ती उचलली आणि तव्यावर टाकली. पहिल्यांदाच एकसंध पोचली होती, तेवढ्यानं त्यांचा चेहरा फुलला.

जावेनं तव्यात वाकून बघितलं. "बाई, ह्यो कुटला देश म्हनायचा?"

बाईंनी चष्मा वर केला, मान तिरपी केली आणि परीक्षेतल्या नकाशाकडं बघावं तसं बघितलं.

"नॉर्वे," त्या म्हणाल्या.

"मग उलटा लवकर," जाऊ म्हणाली, "नॉर्वे करपायला लागला."